मालकाच्या जोखमीवर

परवा आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा झाली. विषय तसा रुक्ष. ग्रंथांची यादी आणि सभासदांच्या अनामत रकमांचा हिशेब ज्या संगणकावर आहे तो म्हातारा झालाय (कार्यकारिणीच्या मानाने पोरवयाचाच, पण संगणकाला तेवढं आयुष्य पुष्कळ). नवीन काय घ्यायचं, यावर दोन प्रस्ताव होते. एक एका कंपनीचा, वर्षाला ठरावीक रक्कम घेऊन सगळं बघणार असा. दुसरा माझ्या भाच्याचा. तो म्हणतो, डेबियन लिनक्स टाकू, त्यावर 'कोहा' नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालवू, दोन्ही फुकट, मी रविवारी येऊन बसवून देतो.

कंपनीचे गृहस्थ बोलण्यात तरबेज. म्हणाले, "काकू, फुकटच्या मालाला वाली कोण? उद्या बिघडलं तर कुणाचं गचांडं धरणार? आमच्यामागे कंपनी उभी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही डोलावली.

पण पस्तीस वर्षं पेपर तपासायची सवय. उत्तर कितीही गोड असलं तरी पानाच्या मागे काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय हात थांबत नाही. मी म्हटलं, कराराचा कागद द्या. भाचा म्हणाला, मावशी, मग माझाही घे. दोन्ही कागद घरी आणले आणि दोन संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसले. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, वकिली इंग्रजी म्हणजे माझ्यासाठी उसाच्या कांड्याऐवजी बांबू चावणं. तरीही वाचलं. दोन्हीकडे एक परिच्छेद असा, की अख्खा मोठ्या अक्षरांत. वर्गात मागच्या बाकावरचं पोर ओरडल्यासारखा. आणि दोन्हीकडचा मजकूर जवळजवळ सारखाच! वस्तू जशी आहे तशी देत आहोत, ती तुमच्या कामाला येईलच असं नाही, तिने तुमचं नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही.

हे वाचताना मला एकदम दादांच्या अक्षरातली दोन अक्षरं आठवली. ओ. आर.

दादा म्हणजे आमचे वडील. १९४४ साली जीआयपी रेल्वेत लागले. १९५१च्या नोव्हेंबरात तिची मध्य रेल्वे झाली आणि दादा न हलता दुसऱ्या रेल्वेचे नोकर झाले. बरीच वर्षं कल्याणच्या मालधक्क्यावर गुड्स क्लार्क. लोक माल बाबू म्हणत. माल आला की वजन, नगांची मोजणी, दर लावणं, पावती फाडणं. ती पावती फाडताना एक प्रश्न विचारावा लागे. रेल्वे रिस्क की ओनर्स रिस्क? रेल्वेच्या जोखमीवर पाठवाल तर भाडं जास्त. मालकाच्या जोखमीवर पाठवाल तर कमी, पण फुटलं-सांडलं तर रेल्वेकडे यायचं नाही. बहुतेक व्यापारी आणे वाचवायला दुसरं घेत.

आता इतिहासाची बाई आहे म्हटल्यावर थोडं मागे जाणं आलंच.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. १ मे १८५४ला ती कल्याणला पोचली हे कल्याणकरांनाही ठाऊक नसतं. गाडीबरोबर विलायतेतला एक जुना वादही आला. इंग्लंडात कायद्याचा दंडक असा होता, की लोकांचा माल वाहण्याचा धंदा जो उघडपणे करतो, तो त्या मालाचा जणू विमाच उतरवतो. माल गेला तर भरपाई द्यायची. सुटका फक्त दोन कारणांनी, देवाची करणी आणि राजाचे शत्रू. वाहतूकवाल्याने चोरांशी संगनमत केलं की नाही हे मालकाला शाबीत करता येत नाही, म्हणून हा कडक नियम. यावर घोडागाडीवाल्यांनी युक्ती काढली. कचेरीत भिंतीवर पाट्या लावल्या, की अमुक किमतीवरच्या मालाला आम्ही जबाबदार नाही. पाटी वाचली की नाही यावर खटले, पाटी अंधारात होती यावर खटले, वाचता येत नव्हतं यावर खटले. शेवटी १८३०मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. म्हणजे 'आम्ही जबाबदार नाही' ही पाटी संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

हिंदुस्थानात १८९०चा रेल्वे कायदा आला आणि रेल्वेची जबाबदारी आधीच थोडी उतरवून ठेवली गेली. विमा उतरवणाऱ्याइतकी नाही, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्या शहाण्या माणसाइतकी. याहूनही ती कमी करायची तर मालकाची लेखी सही हवी, आणि सहीचा कागद सरकारने मंजूर केलेल्या नमुन्यातच हवा. ही 'रिस्क नोट'. तिचे नमुने अ, ब असे. 'अ' नमुना वाईट बांधलेल्या मालासाठी. गळका डबा, सैल शिवलेलं पोतं. 'ब' नमुना सवलतीच्या भाड्यासाठी. 'ब'वर सही केली की मुद्दाम केलेली हयगय किंवा रेल्वेच्या नोकरांनी केलेली चोरी, तीही अख्खा नग गेला तरच, एवढ्यापुरतीच रेल्वे बांधील. आणि ते शाबीत कोणी करायचं? लासलगावला घरी बसलेल्या कांदेवाल्याने! गाडी कुठल्या यार्डात किती वेळ उभी होती, सील कोणी तोडलं, हे त्याला कुठून कळणार? व्यापाऱ्यांनी फार ओरड केली, १९२०च्या दशकात नमुने बदलले, तरी मूळ दुखणं राहिलंच. स्वातंत्र्यानंतर १९६१मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ जानेवारी १९६२पासून रेल्वे पुन्हा जुन्या अर्थाने, विमा उतरवणाऱ्यासारखी जबाबदार झाली. ओनर्स रिस्कचा स्वस्त दर मात्र पुढेही चालू राहिला.

दादांनी निवृत्तीनंतर एका दोनशेपानी वहीत मालधक्क्यावरच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या दुकानदाराने कंदिलाच्या काचा मागवल्या, पाठवणाऱ्याने ओनर्स रिस्कवर पाठवल्या, आल्या तेव्हा पेटीत नुसता चुरा. तो दादांच्या खिडकीशी आला. दादांनी नियम दाखवला. तो गेला. आठवड्याने तोच दुसरा माल पाठवायला आला, आणि दादांनी सवयीने इंग्रजी कागद पुढे सरकवला, त्याने सवयीने मोडी वळणाची सही केली. दादांनी लिहिलंय, की त्या दिवशी प्रथम माझ्या लक्षात आलं, कागदावर काय आहे ते मी आजवर एकाही माणसाला मराठीत सांगितलेलं नाही. नियम मी मोडला नव्हता. तरी मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

ही वही जवळजवळ हरवली होती, ती गोष्ट पुढे सांगते.

तर आता सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थाने जीपीएल नावाचा परवाना लिहिला, पहिली आवृत्ती १९८९ची, सगळ्यात प्रसिद्ध दुसरी जून १९९१ची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने, एकवीस वर्षांच्या पोराने, मी हौसेखातर एक छोटी प्रणाली करतोय असं जाहीर केलं, आणि १९९२मध्ये ती याच परवान्याखाली आणली. लिनक्स ते हेच. या परवान्याच्या अकराव्या आणि बाराव्या कलमात हमी नाकारली आहे. पण कारण दिलंय, हे मला आवडलं. हा कार्यक्रम मोफत दिला जात आहे, म्हणून हमी नाही. सरळ बोलणं आहे. शेजारणीने वाटीभर साखर दिली तर आपण पावती मागत नाही.

ती मोठी अक्षरं का, याचाही शोध लागला. अमेरिकेतल्या व्यापारी कायद्यात असं आहे, की वस्तू विकण्याजोगी असल्याची गर्भित हमी नाकारायची असेल तर ती नजरेत भरेल अशा रीतीने नाकारा. वकिलांनी नजरेत भरणं म्हणजे मोठ्या अक्षरांत ओरडणं असा अर्थ घेतला. गंमत म्हणजे सलग मोठी अक्षरं वाचायला सर्वांत अवघड. नियम पाळला आणि वाचणाराही पळवून लावला, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

आणि मग ज्यांनी पैसे घेतले त्यांचं काय? विंडोज एक्सपीचा करार मी भाच्याकडून मागवून वाचला. नव्वद दिवसांची मर्यादित हमी, आणि नुकसान झालंच तर तुम्ही मोजलेली किंमत किंवा पाच डॉलर, यांतलं जे जास्त असेल ते! लिनक्सच्या व्यापारी करारांत साधारण असं, की काम व्यावसायिक कौशल्याने करू, मुद्दाम घातक काही घातलेलं नाही असं आमच्या माहितीप्रमाणे सांगतो, बाकी सॉफ्टवेअर जसं आहे तसं. आणि जबाबदारीची कमाल मर्यादा म्हणजे मागच्या बारा महिन्यांत तुम्ही दिलेले पैसे. रेड हॅट कंपनीने १९९०च्या दशकात लिनक्सची खोकी दुकानांत विकली, मग २००३मध्ये मार्ग बदलला. मोफत वापरणाऱ्यांसाठी फेडोरा, कंपन्यांसाठी वर्गणीचं एंटरप्राइज लिनक्स. वर्गणी कशाची? हमीची नव्हे. दुरुस्त्या वेळेवर मिळण्याची आणि फोन उचलला जाण्याची. २००४मध्ये त्यांनी एक आश्वासन वाढवलं, की कोणी या सॉफ्टवेअरच्या मालकीवरून तुमच्यावर दावा लावला तर आम्ही उभे राहू. कारण आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्सवरून कोर्टबाजी सुरू करून सगळ्यांना घाबरवलं होतं. हे आश्वासन खरं आणि मोलाचं. पण तुमचा हिशेब बुडाला तर? तिथे ओ. आर.

म्हणजे बघा, मालधक्क्यावर निदान दोन दर होते. इथे जास्त भाडं भरूनही माल मालकाच्याच जोखमीवर.

मजा अशी, की दुसऱ्या दराची जागा जीपीएलमध्येच ठेवलेली आहे! पहिल्याच कलमात म्हटलंय, की प्रती वाटताना हवं तर पैसे घेऊन हमी द्या. पस्तीस वर्षं झाली, ती खिडकी उघडी आहे. भुईनळ्याला वात लावायला पुढे यावं तसे लोक येतात आणि मागे सरतात. पूर्ण हमी द्यायला फारसं कोणी धजत नाही.

हे सगळं पुढाऱ्यांच्या भाषणासारखं 'सगळे सारखेच' म्हणून सोडून देता येईल. पण आपला कायदा अगदीच गप्प नाही. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात माल विकण्यायोग्य असल्याची गर्भित अट आहे, आणि बासष्टाव्या कलमात उभयतांनी ठरवलं तर ती काढूनही टाकता येते. डबीत भरून विकलेलं सॉफ्टवेअर 'वस्तू' आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सांगितलं. प्रश्न विक्रीकराचा होता, पण त्या निमित्ताने सॉफ्टवेअरला वस्तूपण मिळालं. १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी जुलै २०२०पासून आलेला २०१९चा कायदा, दोन्हीत ग्राहक म्हणजे मोबदला देऊन घेणारा. म्हणजे फुकट लिनक्स वापरणारी मी कायद्याने ग्राहकच नाही. नव्या कायद्यात अन्याय्य करार ही कल्पना आली. आणि दुकानदार 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापून सदोष माल परत घ्यायला नाकारेल, तर तीही अनुचित प्रथा ठरते. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस. (फडके रोडवरच्या एका दुकानात मी हे सांगितलं. मालक म्हणाला, बाई, तुम्ही मला चौथीत होतात. पैसे परत दिले. तेव्हा कायद्याचा प्रभाव किती आणि चौथीचा किती, हे मला सांगता येणार नाही :-) )

न्यायालयांनी छापील पाट्या जशाच्या तशा मान्य केल्या असंही नाही. मद्रासला १९६०च्या दशकात एका धुलाईवाल्याने नवी साडी हरवली आणि पावतीवरची ओळ दाखवली, की किमतीच्या पंधरा टक्केच देऊ. उच्च न्यायालयाने ती धुडकावली. असं चाललं तर दर पावतीगणिक साड्या हरवू लागतील, असा एकूण सूर. आणि १९९८मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने गाडी लावायला दिली ती भलताच इसम घेऊन गेला. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं होतंच. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतलीत, आता स्वतःच्या हलगर्जीपणातून या ओळीने सुटता येणार नाही. एकवीस वर्षं लागली, ते सोडा.

आता वहीची गोष्ट.

२००१ साली मी दादांची वही संगणकावर टंकायला घेतली. तेव्हा मराठीसाठी पॅकेज विकत घ्यावं लागे. माझ्या पगाराच्या मानाने किंमत बरीच. बरोबर एक डाँगल मिळे, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचायचं कुलूप. ते नसेल तर पॅकेज उघडत नाही. सीडीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत होतं, की पाकीट फोडलंत म्हणजे अटी मान्य केल्यात. अटी पाकिटाच्या आत! रोज रात्री दोन पानं करत सात महिन्यांत वही पूर्ण झाली. दादांनी छापील प्रत हातात घेऊन वाचली, चार ठिकाणी चुका काढल्या (ऱ्हस्व-दीर्घाच्या, आणि त्याही शिक्षिकेच्या!). २००४ला ते गेले. २००५च्या २६ जुलैच्या पावसात आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं. छापील प्रत आणि वही दोन्ही लगदा झाल्या. राहिली होती ती फाईल, सीडीवर, वरच्या फळीत.

पुढे संगणक बदलला. नव्याला ते जुनं भोकच नव्हतं. कुलूप हातात, खोचायला जागा नाही. कंपनीला फोन केला. तिचं नाव घेत नाही, आता ती त्या धंद्यात नाही. उत्तर आलं, की नवी आवृत्ती नवीन किमतीला घ्या, जुन्या फाईलींची हमी देता येणार नाही, करारात तसं आहे. फाईल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, त्यांवर टोप्या, ठिपके, मधूनच पाउंडाचं चिन्ह. कारण या पॅकेजांत प्रत्येकाची सांकेतिक रचना निराळी, अक्षर खरं तर मराठी नसायचंच, इंग्रजी अक्षराला मराठी मुखवटा. युनिकोड आल्यावर हे संपलं, पण त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत जे टंकलं गेलं त्यातलं किती असंच कुलूपबंद पडलं असेल, कोण जाणे. त्या रात्री मी रडले. दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

भाचा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याने उबुंटू लिनक्सची सीडी मागवली होती, ती परदेशातून टपालाने फुकट घरी येत असे, यावर आमच्या पोस्टमनचाही विश्वास बसला नव्हता. त्याने ती माझ्या संगणकात घातली. काळ्या खिडकीत पहिलीच ओळ, की या प्रणालीला अजिबात हमी नाही. मी म्हटलं, हे तरी बरं, दारातच सांगतायत. मग त्याने कुठून तरी एका हौशी मुलाने केलेला फाँट-परिवर्तक आणला. बटण दाबलं आणि पडद्यावर आलं 'कल्याणचा मालधक्का'. पुढे मात्र 'हमालाच्या फेर्‍या'च्या जागी 'फेर्या', 'दुसर्‍या'च्या जागी 'दुसर्या'. आपला अर्धा र हरवला होता. मी त्या मुलाला इंग्रजीत, व्याकरण सांभाळत, पत्र लिहिलं. मराठी निघाला! दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त परिवर्तक आला, आणि खाली एक ओळ, की बाई, अजून चुका असतील, तपासून सांगा. मी महिनाभर एकेक ओळ तपासली. बहात्तर चुका कळवल्या. सगळ्या दुरुस्त झाल्या.

म्हणून फुकटचं चांगलं, विकतचं वाईट, असं म्हणू का? दोन-तीन वर्षांनी मला आणखी एक जुनी फाईल बदलायची होती. त्या मुलाचा पत्ता बंद, परिवर्तक गायब. नोकरी लागली असेल, लग्न झालं असेल. त्याने मला काही वचन दिलेलं नव्हतं, रागावणार कशी?

मोठ्या जगातही तेच. डेबियनच्या पॅकेजमध्ये २००६ साली एका स्वयंसेवकाने सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या भागातली एक ओळ निरुपयोगी समजून काढली, आणि मे २००८पर्यंत बनलेल्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या. उबुंटूही त्यात होतं. पण त्याच डेबियनच्या १९९७च्या सामाजिक करारात एक वाक्य आहे, की आम्ही अडचणी लपवणार नाही. हमी नाही, पण लपवणारही नाही. चूक सापडली तशी त्यांनी ती चव्हाट्यावर मांडली. मार्च २०२४मध्ये तर कहरच झाला. 'एक्सझेड' नावाचं एक छोटं, सगळीकडे वापरलं जाणारं साधन एकटा माणूस सांभाळत होता. कोणीतरी टोपणनावाने दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरला, विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला जोडणीला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली, म्हणून ते पकडलं गेलं. हा गृहस्थ नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये!

आणि चारच महिन्यांनी, १९ जुलै २०२४ला, पैसे मोजून घेतलेल्या क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाईलने विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक आडवे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, फोटो आले होते. डेल्टा विमान कंपनीने ५० कोटी डॉलर नुकसान सांगितलं. क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं उत्तर, की करारानुसार आमची जबाबदारी एकेरी दशलक्षांतच आहे.

कोहाची गोष्ट ग्रंथपाल मंडळींना आवडेल. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांना १९९९ संपताना आपली जुनी प्रणाली चालणार नाही अशी भीती होती, म्हणून त्यांनी स्वतःची बनवून घेतली, जानेवारी २०००पासून वापरली आणि सगळ्यांना खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, तीही परतफेडीची जाण ठेवून दिलेली. आपला आहेरच. पुढे एका अमेरिकन कंपनीने आधारसेवा विकता विकता नाव आणि संकेतस्थळ ताब्यात घेतलं, मग ती दुसरीला विकली गेली, आणि २०११मध्ये न्यूझीलंडमध्येच 'कोहा' या नावावर हक्क सांगितला गेला. वाचनालयांनी वर्गणी काढून विरोध केला, दोनेक वर्षांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोवर जगभरच्या वापरणाऱ्यांनी नवं संकेतस्थळ मांडून काम पुढे नेलंही होतं.

हे वाचताना मला ग्राहक पंचायत आठवली. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केलेली चळवळ १९७५ला मुंबईत आली, बाबूजी सुधीर फडके तिच्यात होते. डोंबिवलीत आम्हा दहा-बारा घरांचा एक संघ होता. महिन्याचं सामान एकत्र यायचं, माझ्या ओट्यावर आम्हीच वजन करून वाटायचो. तूरडाळ चांगली असेल याची लेखी हमी कोणाकडेच नव्हती. पण डाळ निवडणारीही आम्हीच आणि खाणारीही आम्हीच. ज्या महिन्यात सगळ्या जणी 'तूच बघ गं' म्हणून घरी बसल्या, त्या महिन्यात माप चुकलं. माझ्याच हातून.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. आमचं त्यांच्यापुढे बाळ. पण बाळाकडेही लोकांची अनामत आहे, आणि ती कोणाच्या जोखमीवर ठेवतोय हे त्यांना कळायला हवं.

म्हणून मी दोन्ही करारांतली ती ओरडणारी कलमं फुलस्केपच्या दोन पानांवर साध्या मराठीत लिहून काढली आहेत. येत्या रविवारी सभेत वाचून दाखवीन आणि मगच सह्या. भाच्याला सांगितलंय, की सगळ्यांसमोर यादी पुसून टाकायची आणि राखीव प्रतीवरून परत आणून दाखवायची, आणि तू परदेशी गेलास तर कोण बघणार त्याचं नाव लिहून द्यायचं. तो जरा गोरामोरा झाला. कंपनीच्या गृहस्थांना एकच प्रश्न लेखी पाठवलाय. तुमचा धंदा उद्या बंद झाला तर आमची यादी आम्हाला कुठल्या रूपात परत मिळेल, आणि ती उघडायला तुमचं कुलूप लागेल का? त्यांनी गुरुवारपर्यंत कळवतो म्हटलं होतं.

आज शनिवार. उत्तर अजून आलेलं नाही.